रस्ता होण्यापूर्वीचे उत्खनन : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात या सदरात इंग्लंडमधील ए-१४ या महामार्गाच्या बांधणीपूर्वी झालेल्या उत्खननाची ओळख करून दिली होती. केंब्रिज आणि हंटिंग्डन यांदरम्यानचा सुमारे ३४ किलोमीटरचा रस्ता रुंद करताना आणि त्याचा काही भाग नव्याने बांधताना तेथील पुरातत्त्वज्ञांनी तीसहून अधिक ठिकाणी, मिळून ३५० हेक्टरांच्या आसपासच्या क्षेत्रावर काम केले. काम ऐन भरात असताना अडीचशेच्या घरात पुरातत्त्वज्ञ त्यावर राबत होते. नवाश्मयुगातील वर्तुळाकार विधिस्थाने, लोहयुगीन आणि रोमनकालीन वस्त्या, मातीची भांडी भाजण्याच्या चाळीसेक रोमन भट्ट्या आणि मध्ययुगात ओस पडलेले एक गाव असा मोठा ऐवज तेथे उजेडात आला. त्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : रस्त्याखाली काय आहे हे खणण्याआधीच कसे समजते? ३४ किलोमीटरचा सगळा पट्टा खणणे तर शक्य नसणार. मग कोठे खणायचे आणि कोठे नाही, हे कशावरून ठरवतात?
— एक वाचक, नाशिक

हे काम शेतात नव्हे, दप्तरात सुरू होते. रस्त्याची संभाव्य आखणी नकाशावर आली की त्या पट्ट्याचे जुने नकाशे, पूर्वी सापडलेल्या वस्तूंच्या नोंदी आणि विमानातून घेतलेली छायाचित्रे एकत्र करून तपासली जातात. या छायाचित्रांचा उपयोग फार मोठा आहे. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी खणलेला चर मातीने पूर्ण बुजला, तरी त्यातील माती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा अधिक ओल धरून ठेवते. त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात त्या चरावरचे पीक उंच आणि हिरवे राहते, तर पुरलेल्या भिंतीवरचे पीक खुरटते आणि लवकर पिवळे पडते. जमिनीवर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या सहसा ध्यानात न येणारी ही रेषा वरून पाहणाऱ्याला स्पष्ट दिसते.

त्यानंतर जमीन न उकरता तिची तपासणी होते. चुंबकीय क्षेत्रातील सूक्ष्म फरक टिपणारे उपकरण घेऊन शेतातून ठरावीक अंतराने चालत गेले की भट्ट्या, चुली आणि बुजलेले चर यांच्या जागा कळतात. जमिनीचा विद्युत्-रोध मोजून भिंती आणि पाया शोधता येतात. रडारच्या लहरी जमिनीत सोडून थरांची खोली अजमावता येते. मात्र ही उपकरणे आणली की आपलेही काम भागेल, असा समज एका पत्रात व्यक्त झाला आहे, तो दुरुस्त केला पाहिजे. दख्खनचा काळा पाषाण मुळातच चुंबकीय गुणधर्माचा आहे, त्यामुळे त्यावर वसलेल्या जमिनीत चुंबकीय मापनाचे निष्कर्ष अनेकदा गढूळ येतात. आणि आपल्या चिकण काळ्या मातीत रडारच्या लहरी थोड्याच खोलीवर विरून जातात. म्हणून महाराष्ट्रात शेत न् शेत पायी पालथे घालून खापरे पाहणे आणि संशय येईल तेथे चाचणी खड्डे घेणे, याला अजून तरी तोड नाही.

इंग्लंडमध्येही शेवटचा शब्द चाचणी चरांचाच असतो. पट्ट्याच्या एकूण क्षेत्रापैकी सर्वसाधारणपणे २ ते ५ टक्के भागावर लांबट, अरुंद चर घेतले जातात आणि त्यांत जे दिसते त्यावरून पूर्ण उत्खननाच्या जागा ठरतात. त्या जागांवर मग उत्खनन यंत्र येते, परंतु त्याच्या बकेटला दात नसतात. सपाट कडेच्या बकेटने, पुरातत्त्वज्ञाच्या नजरेखाली, वरची नांगरट झालेली माती पातळ पापुद्र्यांनी काढली जाते आणि खालची अविचल जमीन लागली की यंत्र थांबते. त्या स्वच्छ पृष्ठभागावर जे गडद डाग दिसतात, ते असतात जुन्या घरांच्या खांबांचे खड्डे, उकिरडे, चर आणि कबरी. येथून पुढे सगळे काम खुरपी आणि ब्रश यांचे असते. प्रत्येक खड्ड्याला क्रमांक मिळतो. तो आधी अर्धाच काढला जातो, म्हणजे उरलेल्या अर्ध्या भागाच्या उभ्या छेदात त्यातील थर वाचता येतात. त्याचे रेखाटन आणि छायाचित्र झाल्यावरच उरलेला अर्धा भाग काढतात. मातीचे नमुने वेगळे ठेवले जातात, कारण जळलेले धान्य, बिया आणि कोळशाचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, ते नमुने पाण्यात कालवले की वर तरंगतात. ए-१४ च्या कामात जळक्या कणांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करताना बिअर बनवण्याच्या प्रक्रियेतील अवशेष ओळखू आले. ते इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास मागे जात असावेत, आणि ब्रिटनमधील बिअरनिर्मितीचा तो सर्वांत जुना प्रत्यक्ष पुरावा असल्याचे अभ्यासकांनी २०१९ मध्ये जाहीर केले. केवळ नाणी आणि मूर्ती शोधण्याच्या दृष्टीने खणणाऱ्याच्या हाती हा पुरावा कधीच लागला नसता.

प्रश्न : मी रस्तेबांधणीच्या क्षेत्रात अभियंता आहे. आमच्या कामात प्रत्येक दिवसाच्या विलंबाची किंमत मोजावी लागते. पुरातत्त्वज्ञांना आधी वाव दिला तर रस्ते वर्षानुवर्षे रखडतील, ही भीती रास्त नाही का? आणि हा खर्च कोणी करायचा?
— एक वाचक, पुणे

आपली भीती अनुभवातून आलेली आहे, म्हणून तिला अनुभवानेच उत्तर द्यायला हवे. ए-१४ च्या कामाला मे २०१६ मध्ये अंतिम मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बांधकाम सुरू झाले. संपूर्ण रस्ता डिसेंबर २०२० मध्ये खुला करण्याचे ठरले होते. प्रत्यक्षात हंटिंग्डनच्या दक्षिणेकडील नवा वळणरस्ता डिसेंबर २०१९ मध्ये आणि उरलेला रस्ता मे २०२० मध्ये वाहतुकीस खुला झाला. इंग्लंडमधील अगदी मोठ्या उत्खननांपैकी एक ज्या रस्त्यावर झाले, तो रस्ता मुदतीच्या आधी पूर्ण झाला. उत्खननामुळे काम लवकर झाले, असे मी म्हणणार नाही. उत्खनन आधीपासून वेळापत्रकात होते, त्यासाठी पैसा वेगळा ठेवलेला होता आणि कोणती जागा कोणत्या तारखेला कंत्राटदाराच्या ताब्यात द्यायची हे दोन्ही पक्षांना माहीत होते, म्हणून ते आड आले नाही.

विलंब होतो तो याच्या उलट परिस्थितीत. भराव टाकायला सुरुवात झाल्यावर, यंत्रे भाड्याने उभी असताना, पोकलेनच्या तोंडाशी मूर्ती किंवा सांगाडा येतो. गावकरी जमतात, महसूल अधिकारी येतात, काम बंद पडते, आणि मग पुरातत्त्व खात्याच्या माणसाला चार दिवसांत काय ते उरका असे सांगितले जाते. यात अभियंत्याचेही नुकसान होते आणि इतिहासाचेही.

इंग्लंडला ही शिस्त सहज लाभलेली नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस एम-५ हा महामार्ग नैऋत्येकडे जाऊ लागला तेव्हा तेथील पुरातत्त्वज्ञ आणि हौशी कार्यकर्त्यांनी समिती स्थापन करून अक्षरशः यंत्रांच्या मागोमाग चालत नोंदी केल्या, आणि जो प्रदेश नकाशावर जवळजवळ रिकामा समजला जात होता त्यात स्थळांमागून स्थळे निघत गेली. पुढे १९८९ मध्ये लंडनमध्ये कार्यालयाची इमारत बांधताना १५८७ च्या रोझ नाट्यगृहाचा पाया उघडा पडला आणि त्याच्या रक्षणासाठी नामवंत नट रस्त्यावर उतरले. त्या वादानंतर, नोव्हेंबर १९९० मध्ये सरकारने नियोजन खात्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा गाभा असा होता की जमिनीखालच्या अवशेषांचा विचार बांधकामाची परवानगी देण्यापूर्वीच झाला पाहिजे, आणि ज्याच्या बांधकामामुळे ते नष्ट होणार आहेत त्याने त्यांच्या उत्खननाचा, अभ्यासाचा आणि प्रकाशनाचा खर्च उचलला पाहिजे. १९९२ मध्ये माल्टातील व्हॅलेटा येथे युरोपीय देशांनी केलेल्या करारातही हेच तत्त्व मान्य झाले. फ्रान्सने २००१ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि २००२ पासून तेथे प्रतिबंधात्मक पुरातत्त्वासाठी राष्ट्रीय संस्था काम करत आहे. बांधकामांवर आकारलेल्या शुल्कातून प्राथमिक चाचण्यांचा खर्च भागवण्याची पद्धत तेथे आहे.

खर्चाच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात भूसंपादन, वृक्षारोपण, वीजवाहिन्या हलवणे यांसाठी जशी स्वतंत्र तरतूद असते, तशीच पुरातत्त्वीय पाहणीसाठी असली पाहिजे. ती नंतर कोणाकडे तरी मागावी लागली, तर मिळत नाही.

प्रश्न : मी काही वर्षे डब्लिनजवळ राहते. येथील एम-३ महामार्ग ताराच्या टेकडीजवळून नेण्यावरून झालेला वाद अजूनही लोक विसरलेले नाहीत. तेथे उत्खनन झाले, तरीही लोक नाराज का? नीट खणून नोंद केली म्हणजे वारसा वाचला, असे आपण मानता का?
— एक वाचक, आयर्लंड

नाही, मी तसे मानत नाही. आपला प्रश्न या विषयाच्या मर्मावर बोट ठेवणारा असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

ताराची टेकडी म्हणजे आयर्लंडच्या प्राचीन राजांचे अभिषेकस्थान. तिच्या माथ्यावर आणि उतारांवर नवाश्मयुगापासूनचे अवशेष आहेत, आणि तिच्या भोवतालचा प्रदेशही त्याच परंपरेचा भाग आहे. क्लोनी ते केल्स हा सुमारे ६० किलोमीटरचा एम-३ मार्ग तारा आणि स्क्रीन या दोन टेकड्यांमधील दरीतून नेण्याचे ठरले तेव्हा अभ्यासकांचा आक्षेप हाच होता की टेकडीला धक्का लागत नाही एवढे पुरेसे नाही. टेकडी आणि तिचा परिसर वेगळे करता येत नाहीत. २००७ च्या वसंत ऋतूत, टेकडीपासून सुमारे २ किलोमीटरवर लिसमलिन येथे, रस्त्याच्या नेमक्या पट्ट्यात लोहयुगातील एक मोठे वर्तुळ सापडले. लाकडी खुंटांच्या खड्ड्यांनी बनलेल्या त्या वर्तुळाचा व्यास ८० मीटरांच्या आसपास होता, आत आणखी एक लहान वर्तुळ होते आणि पूर्वेकडून त्यात येणारी वाट होती. आधीच्या तपासणीत या जागेचे खरे स्वरूप ध्यानात आले नव्हते. शासनाने तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. परंतु २००४ च्या दुरुस्ती कायद्याने अशा स्मारकाबाबत निर्णय घेण्याचा अधिकार मंत्र्यांकडे होता, आणि निर्णय असा झाला की पूर्ण उत्खनन करून नोंद करावी आणि रस्ता पुढे न्यावा. जून २०१० मध्ये रस्ता खुला झाला.

त्या उत्खननाच्या दर्जाबद्दल तक्रार करण्याचे कारण मला दिसत नाही. लिसमलिनबद्दल आज जे ज्ञान आहे ते रस्त्यामुळेच मिळाले, हेही खरे आहे. परंतु उत्खनन ही मुळात विध्वंसक क्रिया आहे. जो थर आपण एकदा काढला तो पुन्हा कोणालाही वाचता येत नाही. उरतात त्या आपल्या नोंदी, आणि त्या नोंदींत तेवढेच असते जेवढे विचारण्याचे त्या पिढीला सुचले. १९५० च्या दशकात खणलेल्या अनेक स्थळांवरील हाडांमधून आज प्राचीन जनुकांचा अभ्यास करता आला असता, परंतु तेव्हा ती कल्पनाच नसल्यामुळे कित्येक ठिकाणी हाडे टाकून दिली गेली. पन्नास वर्षांनी येणाऱ्या पद्धतींची आज आपल्याला कल्पना नाही. म्हणून जबाबदार पुरातत्त्वज्ञाचा पहिला सल्ला नेहमी हाच असतो की शक्य असेल तर रस्ता वळवा, नाहीतर भराव टाकून अवशेष खाली तसेच राहू द्या, आणि यांपैकी काहीही शक्य नसेल तेव्हाच खणा. लिसमलिनच्या बाबतीत मार्ग वळवण्याची वेळ आखणीच्या टप्प्यावर होती. २००७ मध्ये ती निघून गेली होती, आणि मार्ग त्या दरीतून नेण्याचा मूळ निर्णय चुकीचा होता असे मला वाटते. आपल्या भागातील लोकांची नाराजी उत्खननावर नसून त्या निर्णयावर आहे, आणि ती मला पूर्णपणे समजू शकते.

प्रश्न : भारतात असा कायदा आहे का? समृद्धी महामार्गासारखे नवे मार्ग, राष्ट्रीय महामार्गांचे चौपदरीकरण अशी कामे सर्वत्र होत असताना पुरातत्त्व खाते नेमके काय करते?
— श्रीरामपूर, लातूर आणि ठाणे येथील वाचक

कायदा आहे, परंतु तो ज्ञात आणि संरक्षित स्मारकांभोवती उभा आहे. १९५८ च्या केंद्रीय अधिनियमात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रत्येक केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. सार्वजनिक कामांसाठी या मनाईत सूट देणारे विधेयक जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेने संमत केले होते आणि नंतर ते राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले. राज्यापुरता १९६० चा महाराष्ट्राचा स्वतंत्र अधिनियम आहे. केंद्राच्या यादीत देशभरातील साडेतीन हजारांहून अधिक स्मारके आणि स्थळे आहेत. एवढ्या विस्तीर्ण आणि एवढ्या दीर्घकाळ वस्ती असलेल्या देशात ही यादी म्हणजे एकूण वारशाचा अगदी लहान अंश होय.

जे यादीत नाही त्याचे काय, हा खरा प्रश्न आहे. मोठ्या महामार्गांना पर्यावरणविषयक मंजुरी घ्यावी लागते. २००६ च्या अधिसूचनेनुसार भरावयाच्या अर्जात प्रकल्पापासून १५ किलोमीटरच्या आत सांस्कृतिक मूल्यासाठी कायद्याने संरक्षित असलेली क्षेत्रे आहेत का, असे विचारलेले असते. अर्ज भरणारा उपलब्ध यादी पाहतो आणि यादीत काही नसेल तर ‘नाही’ असे लिहितो. या उत्तरात तो खोटे बोलत नाही. परंतु शेतातून चालून, खापरे पाहून, चाचणी खड्डे घेऊन अज्ञात स्थळे शोधण्याचे बंधन त्याच्यावर नसल्यामुळे अज्ञात स्थळ अज्ञातच राहून भरावाखाली जाते.

महाराष्ट्रात याला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. आपल्या नद्यांच्या काठी जुन्या वस्त्यांची पांढरीची टेकाडे आहेत. शतकानुशतके घरे पडून, राख आणि शेण साचून, पुन्हा घरे बांधली जाऊन ती उंच झालेली असतात. ती रस्त्याच्या आखणीत नसली तरी रस्त्यामुळे नष्ट होऊ शकतात, कारण भरावासाठी माती आणि मुरूम लागतो आणि सुटी, सहज उपसता येणारी माती टेकाडात आयती मिळते. भरावाची माती गौण खनिजात मोडते आणि तिच्या उपशाची परवानगी महसूल यंत्रणा देते. त्या परवानगीच्या वेळी ती जागा प्राचीन वस्तीची आहे का, एवढी एक विचारणा झाली तरी कितीतरी टेकाडे वाचतील. मला स्वतःला हा उपाय कोणत्याही नव्या कायद्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण त्यासाठी एक तपासणीसूची आणि पुरातत्त्व संचालनालयाशी एक पत्रव्यवहार पुरेसा आहे.

टेकाडात काय असू शकते, याची कल्पना यावी म्हणून घोडनदीकाठच्या इनामगावचे उदाहरण देतो. सुमारे ५ हेक्टरांचे ते स्थळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात अनेक हंगाम खणले. तेथे इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे गाव होते. त्यांची घरे, धान्य साठवण्याचे खड्डे, नदीचे पाणी वळवणारा कालवा, घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन घटांत पुरलेली मुले, आणि काळ कोरडा होत गेल्यावर चौकोनी घरांऐवजी लहान गोल झोपड्यांत आलेली वस्ती, हे सगळे थराथराने वाचता आले. महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांबद्दल आज शाळेत जे शिकवले जाते त्यातला मोठा भाग अशा उत्खननांतून आला आहे. तेच टेकाड भरावासाठी उपसले गेले असते तर एका उन्हाळ्यात संपले असते.

असे आपल्याकडे घडलेले आहे. १८५० च्या दशकात लाहोर–मुलतान लोहमार्गाच्या कंत्राटदारांनी हडप्पा येथील भाजक्या विटा खडी म्हणून वापरल्या. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी नंतर नोंदवले की सुमारे १०० मैलांचा मार्ग त्या विटांवर भरला गेला. सिंधू संस्कृतीचा शोध जाहीर होण्यास तेव्हा जवळजवळ सत्तर वर्षे अवकाश होता. त्याच देशाने पुढे याच्या नेमके उलट काम करून दाखवले. कृष्णेवरील नागार्जुनसागर धरणात सातवाहनांनंतरच्या इक्ष्वाकु राजांची राजधानी बुडणार हे कळताच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९५४ ते १९६० या काळात नागार्जुनकोंडाचे खोरे खणून काढले आणि काही वास्तू वरच्या टेकडीवर पुन्हा उभ्या केल्या. आज ती टेकडी जलाशयातले बेट आहे. आपल्याकडे माणसे, ज्ञान आणि परंपरा आहे. धरणासाठी जे एकदा केले ते रस्त्यांसाठी नियम म्हणून केले जात नाही, एवढाच फरक आहे.

प्रश्न : आमच्या गटातून राष्ट्रीय महामार्गासाठी मोजणी झाली आहे. नांगरताना त्या शेतात नेहमी खापरे, राखेसारखी माती आणि मोठ्या विटांचे तुकडे लागतात. वडिलांना एकदा तांब्याची नाणीही मिळाली होती. कोणाला कळवावे? कळवले तर जमीन अडकून पडेल का?
— एक शेतकरी, नेवासे तालुका, जि. अहिल्यानगर

आपण विचारलेत याचा मनापासून आनंद झाला. आपल्या तालुक्याचे नाव या विषयात मोठे आहे. प्रवरेकाठच्या नेवाशाचे उत्खनन डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात केले होते.

पहिली गोष्ट, तेथे स्वतः खणू नका आणि कोणाला खणू देऊ नका. जेथे खापरे जास्त दिसतात ती जागा गट क्रमांकासह लिहून ठेवा. बांधापासूनचे अंतर पावलांनी का होईना मोजा, आणि शेजारी फूटपट्टी ठेवून छायाचित्रे घ्या. विहिरीच्या किंवा चराच्या कडेला राखेचा थर दिसत असेल तर तो किती खोलीवर आहे तेही लिहा. दुसरी गोष्ट, राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेले दप्तरात राहत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची आहे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमानुसार भूसंपादनाची प्राथमिक अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांच्या आत जमिनीत हितसंबंध असलेल्या व्यक्तीला हरकत नोंदवता येते. आपण जमिनीचे मालक आहात, त्यामुळे हा अधिकार आपल्याला आहे. त्या हरकतीत, या गटात प्राचीन वस्तीचे अवशेष असून काम सुरू होण्यापूर्वी पुरातत्त्वीय पाहणी व्हावी, अशी मागणी स्पष्ट शब्दांत करा. ही मुदत निघून गेली असली तरी पत्र पाठवा, परंतु मग त्याचे वजन कमी होते.

नाण्यांबद्दल. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला, १० रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास त्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे, आणि न दिल्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. वडिलांना मिळालेली नाणी घरात असतील तर तीही दाखवून मोकळे व्हा. त्यांच्या पुरावस्तू म्हणून असलेल्या मोलाशी बाजारातल्या किमतीचा संबंध नाही. कोणत्या थरात, कशाच्या सोबत मिळाली, हे सांगता आले तर एक झिजलेले नाणेही संपूर्ण वस्तीचा काळ सांगते. ए-१४ च्या उत्खननात एका लहानशा रोमन शेतवस्तीच्या चरात लेलियानस या सम्राटाचे नाणे मिळाले. तो इसवी सन २६९ मध्ये जेमतेम दोन महिने गादीवर होता, त्यामुळे त्या चराचा काळ कधीच्या पुढे जातो हे नेमके कळले. तेच नाणे एखाद्याच्या खिशात गेले असते तर ते केवळ दुर्मीळ नाणे राहिले असते.

जमीन अडकण्याबद्दल आपली काळजी स्वाभाविक आहे. केवळ कळवल्याने जमीन संरक्षित घोषित होत नाही. त्यासाठी शासनाला अधिसूचना काढावी लागते, आणि अंतिम निर्णयापूर्वी हरकतींसाठी मुदत द्यावी लागते. अशी घोषणा झाली तर मात्र त्या क्षेत्रात बांधकाम आणि खोदकाम यांवर बंधने येतात, हेही मी लपवत नाही. पाहणी होऊन थोड्या भागाचे उत्खनन आणि नंतर रस्ता, हा मार्ग अधिक संभवनीय आहे. उत्खननाच्या काळात पिकाचे नुकसान झाले तर त्याच्या भरपाईची लेखी निश्चिती आधी करून घ्या. ही मागणी करण्यात संकोच बाळगण्याचे काहीही कारण नाही.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयीन विद्यार्थी आहोत. आमच्या भागातून नवा मार्ग जाणार आहे. काम सुरू होण्यापूर्वी आम्ही काही करू शकतो का?
— विद्यार्थ्यांचा एक गट, छत्रपती संभाजीनगर

नक्कीच करू शकता, आणि त्यासाठी एकही खड्डा घेण्याची गरज नाही. आखणीच्या दोन्ही बाजूंच्या अर्धा-एक किलोमीटर पट्ट्यातील गावांची यादी करा आणि रब्बीचे पीक निघाल्यावर, पाऊस पडण्यापूर्वी, शेते मोकळी असताना मालकाची परवानगी घेऊन चालत पाहणी करा. नद्या-ओढ्यांचे काठ, जुने गावठाण, पांढरीची टेकाडे, पडक्या बारवा, वीरगळ आणि सतीशिळा यांच्या नोंदी मोबाइलवरील अक्षांश-रेखांशांसह ठेवा. गावातील वृद्धांना विचारा. ‘तिथे पूर्वी गाव होते’ हे वाक्य ज्या जागेबद्दल ऐकू येईल, तेथे आधी जा. तुमच्याबरोबर पुरातत्त्व शिकलेले एखादे शिक्षक असतील तर उत्तम, म्हणजे तांबड्या पृष्ठावर काळ्या रेषांची नक्षी असलेले, टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारे, ताम्रपाषाणयुगातील जोर्वे पद्धतीचे खापर आणि आजच्या कुंभाराचे खापर यांतील फरक जागेवरच ओळखता येईल. सातवाहनकाळातील स्थळांवर लाल चकचकीत भांड्यांचे तुकडे आणि मोठ्या आकाराच्या विटा मिळतात, त्याही ओळखायला शिका.

खापरे गोळा करून आणू नका. छायाचित्र घेतल्यावर ती जेथे होती तेथेच ठेवा, कारण पृष्ठभागावर ती कशी विखुरलेली आहेत यावरूनच पुढे येणारा अभ्यासक वस्तीचा विस्तार ठरवतो. तयार झालेली यादी नकाशासह पुरातत्त्व संचालनालयाला आणि मार्गाच्या प्रकल्प कार्यालयाला द्या, आणि पर्यावरणविषयक जनसुनावणी होणार असेल तर तेथे ती लेखी निवेदन म्हणून सादर करा, म्हणजे तिची नोंद सुनावणीच्या इतिवृत्तात होईल.